शिखर एका दिवसाचं, घड्याळ सूर्याचं



फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीत हिवाळी ऑलिंपिक झालं. त्यात एक खेळ पहिल्यांदाच आला, स्की माउंटेनियरिंग, म्हणजे स्कीवरून गिर्यारोहण. पायांत लांब पट्ट्या अडकवलेल्या मुली बर्फाच्या चढावर पळत जातात, मध्येच पट्ट्या काढून पाठीला लावतात, पायऱ्या चढतात, पुन्हा पट्ट्या घालतात आणि शेवटी घसरत खाली येतात. तीनेक मिनिटांत सगळं आटोपतं. मोबाईलवर ते बघून आमच्या गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, उतारावरून घसरत येणं कळलं. पण त्याच घसरत्या पट्ट्यांवर बाई चढते कशी? मागे का येत नाही?"

प्रश्न नेमका होता. त्याचं उत्तर तर आज देणारच आहे. पण तीन मिनिटांचा हा खेळ ज्यातून निघाला, ती मूळची चढाई तीन मिनिटांची नसते. ती आठ-दहा तासांची असते. मध्यरात्री निघायचं, हिमनदी ओलांडून शिखर गाठायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं. त्यात पदक नसतं, पण चुकीला माफीही नसते. आज आपण अशी एका दिवसाची चढाई समजून घेऊ.

डोंगर कोणता?

उदाहरण म्हणून इटलीतलाच एक डोंगर घेऊ. नाव ग्रान पारादिसो. तिकडच्या भाषेत याचा अर्थ होतो थोरला स्वर्ग. उंची ४०६१ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर हा डोंगर होतो. आल्प्स पर्वतात चार हजार मीटरच्या वरची शिखरं बरीच आहेत, पण पूर्णपणे इटलीच्या हद्दीत असलेला एवढा उंच डोंगर हा एकच. ४ सप्टेंबर १८६० रोजी दोन इंग्रज गिर्यारोहक आणि शामोनी गावचे दोन वाटाडे पहिल्यांदा त्याच्या माथ्यावर पोचले.

या डोंगराची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे आयबेक्स नावाचा जंगली बोकड राहतो, मागे वळलेल्या मोठ्या शिंगांचा. मांसासाठी, शिंगांसाठी आणि औषधी समजून लोकांनी त्याची इतकी शिकार केली की एकोणिसाव्या शतकात तो आल्प्समधून जवळजवळ नाहीसा झाला. थोडे उरले ते याच डोंगराच्या आसपास. १८५६ मध्ये राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा याने हा भाग स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला आणि इतरांना बंदी केली. हेतू शिकारीचा होता, पण त्यामुळे जनावर टिकलं. पुढे राजघराण्याने ही जमीन सरकारला दिली आणि १९२२ मध्ये तिथे इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आज आल्प्समध्ये जिथे जिथे आयबेक्स दिसतात, ते याच डोंगरात उरलेल्या कळपाचे वंशज आहेत.

चढाईची नेहमीची वाट पोंत नावाच्या छोट्या वस्तीपासून सुरू होते. ही वस्ती १९६० मीटरवर, दरीच्या टोकाला आहे. तिथून सुमारे २७३० मीटरवर गिर्यारोहकांसाठी बांधलेलं एक मुक्कामाचं घर आहे. आपल्याकडे यात्रेच्या वाटेवर धर्मशाळा असते, तसं. त्याला त्याच राजाचं नाव आहे. पुष्कळ लोक तिथे रात्रीपुरते राहतात आणि दुसऱ्या दिवशी वर जातात. पण ज्यांच्या पायांत ताकद आहे आणि ज्यांना सराव आहे, ते पोंतहून निघून एकाच दिवसात शिखर करून परत येतात. म्हणजे एका दमात २१०० मीटर चढ.

पट्टी वर कशी चढते?

आता त्या प्रश्नाचं उत्तर. रानातून आल्यावर साडीच्या काठाला कुसळं लागलेली असतात. कुसळ एका दिशेने सहज पुढे सरकतं, पण उलटं ओढलं की अडकतं. चढाईच्या स्कीचं तंत्र हेच आहे. चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टा चिकटवतात. त्याला स्किन म्हणतात, म्हणजे कातडं. पूर्वी खरोखरच सील या समुद्री प्राण्याचं कातडं वापरत. आता नायलॉनचे किंवा अंगोरा जातीच्या शेळीच्या लोकरीचे पट्टे असतात. त्याचे केस सगळे मागच्या बाजूला झुकलेले असतात. पाय पुढे सरकवला की स्की पुढे जाते. मागे घसरायला लागली की केस बर्फात उभे राहतात आणि स्की थांबते.

दुसरी युक्ती टाचेची. चढताना बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला जोडलेला असतो, टाच मोकळी असते. त्यामुळे पाय उचलावा लागत नाही, नुसता पुढे सरकवायचा. शिखरावरून निघताना पट्टा सोलून काढतात, घडी करून पिशवीत टाकतात आणि टाचही स्कीला पक्की अडकवतात. मग तीच पट्टी घसरायला तयार होते.

चढ फार उभा असेल तर सरळ जात नाहीत. आपल्या घाटातला रस्ता वळणं घेत चढतो, तसे नागमोडी जातात. पहाटे बर्फ काचेसारखा कडक असेल तर केसांनाही पकड मिळत नाही. तेव्हा स्कीखाली लोखंडी दाते बसवतात.

मग एवढं लचांड कशाला, बुटांनीच का जात नाहीत, असं वाटेल. चिखलातून पलीकडे जायचं तर आपण फळी टाकतो. नुसता पाय रुततो, फळी रुतत नाही, कारण वजन पसरतं. भुसभुशीत बर्फात बुटाने चालणारा माणूस गुडघ्यापर्यंत जातो, स्कीवरचा वरच्यावर राहतो. शिवाय उतरायला चार तास लागतील तिथे दीड तास पुरतो. उतरायला कमी वेळ लागणं ही या चढाईत चैनीची गोष्ट नाही. त्यावर जीव अवलंबून असतो. का, ते पुढे सांगते.

हिमनदीवर पाय ठेवताना

उंचावर दरवर्षी पडणारा बर्फ पूर्ण वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो. वर्षानुवर्षं थर साचतात, खालचे दाबले जाऊन दगडासारखे घट्ट होतात. हा सगळा बर्फ स्वतःच्या वजनाने उताराकडे हळूहळू सरकत राहतो. म्हणून त्याला नदी म्हणायचं.

खालची जमीन सारखी नसते. कुठे उंचवटा येतो, कुठे वळण येतं. तिथे हा कडक बर्फ ताणला जातो आणि तडकतो. भाकरीच्या पिठाला पाणी कमी पडलं की थापताना कडा फाटतात, तसाच. फरक एवढाच की हिमनदीतली भेग काही वेळा दहा-वीस मजली विहिरीएवढी खोल असते. उन्हाळ्यात ती दिसते. हिवाळ्यात आणि वसंतात वाऱ्याने आलेला बर्फ तिच्या तोंडावर झाकण धरतो. वरून सगळं सपाट, पांढरं, सुंदर. या झाकणाला बर्फाचा पूल म्हणतात. थंडीत तो माणसाचं वजन पेलतो, उन्हाने मऊ झाला की पेलेलच असं नाही.

म्हणून धोक्याच्या भागात चढणारे एकमेकांना दोराने बांधून घेतात. दोघींमध्ये साधारण १० ते १५ मीटर अंतर, म्हणजे दीड-दोन नऊवारी लुगड्यांएवढं. कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचं हार्नेस असतं, दोर त्याला अडकवतात. एक भेगेत गेली तर बाकीच्यांनी खाली बसून, पाय रोवून तिला धरायचं आणि मग पुली करून वर ओढायचं. हे काम आधी सपाटीवर पुन्हा पुन्हा गिरवलेलं असावं लागतं. भेगेपाशी उभं राहून शिकता येत नाही.

यातला सर्वांत महत्त्वाचा नियम साधा आहे. दोर सैल सोडायचा नाही. सैल दोरामुळे पडणारी जास्त खोल जाते आणि झटका इतका जोरात बसतो की धरणारीही ओढली जाते. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये लष्कराने १९४३ मध्ये हिमनद्यांवरून स्कीची एक लांब शर्यत सुरू केली. त्यात तिघातिघांच्या तुकड्या असतात. १९४९ मध्ये एक तुकडी भेगेत पडून तिघंही गेले. त्यानंतर ती शर्यत १९८४ पर्यंत बंद राहिली. तिघंही तरबेज होते. हिमनदी माणसाचा अनुभव बघत नाही.

सूर्याचं घड्याळ

आता या चढाईचा खरा गाभा. ग्रान पारादिसोवर स्कीने जाण्याचा चांगला काळ मार्च ते मे. या दिवसांत बर्फ रोज रात्री गोठतो आणि रोज दुपारी सैल होतो. सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बसवलेलं असतं.

तुम्ही शेतात पाहिलं असेल, आकाश निरभ्र असेल त्या रात्री दव जास्त पडतं आणि ढगाळ रात्री पडत नाही. कारण मोकळ्या आकाशाखाली जमिनीची ऊब वर निघून जाते, ढग असले की ते पांघरुणासारखी ती अडवतात. बर्फाचंही तसंच. निरभ्र रात्री बर्फाची ऊब आकाशात जाते आणि त्याचा वरचा थर कडक गोठतो. अशा पहाटे भेगांवरचे पूल भक्कम असतात, उतारावरचा बर्फ एकमेकाला धरून असतो. रात्र ढगाळ आणि उबदार गेली तर बर्फ गोठतच नाही. जाणत्या गिर्यारोहक मध्यरात्री दार उघडतात आणि आधी आकाश बघतात. चांदण्या दिसत नसतील तर पुष्कळदा तिथूनच अंथरुणात परततात.

सकाळी ऊन लागलं की गोठलेल्या बर्फाचा वरचा बोटभर थर विरघळायला लागतो. चांगल्या तुपाला रवा धरतो तसा हा बर्फ रवाळ होतो. स्कीवरून उतरायला याच्यासारखा बर्फ नाही. पण ही वेळ तास-दोन तासांची असते. नंतर ऊन आत मुरतं, बर्फ खिचडीसारखा ओला होतो, पाय खोल जातात, पूल खचू लागतात आणि उतारावरचा ओला बर्फ वजनाने सुटून खाली येतो. यालाच हिमस्खलन म्हणतात.

हिमस्खलन ओल्या बर्फाचंच होतं असं नाही. नवा बर्फ किंवा वाऱ्याने आणून घातलेला थर खालच्या थराला नीट चिकटलेला नसेल तर माणसाच्या वजनानेही तो पाटीसारखा सुटतो. असं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे नेमक्या त्याच उतारावर, जो स्कीला आवडतो. युरोपात धोक्याचा अंदाज १ ते ५ अशा आकड्यांत रोज जाहीर करतात. ५ असेल त्या दिवशी कोणी जातच नाही. फसवा आकडा ३. तो मधला दिसतो म्हणून लोकांना बरा वाटतो, आणि जीवघेणे अपघात पुष्कळदा त्याच दिवशी होतात.

प्रत्येकीजवळ तीन वस्तू असतात. अंगावर बांधलेलं संदेश देणारं छोटं यंत्र, लांब घडीची काठी आणि लहान फावडं. कोणी गाडली गेली तर बाकीच्या आपली यंत्रं शोधण्यावर लावतात, आवाजाच्या मागाने जागा काढतात, काठीने टोचून नक्की करतात आणि खणतात. पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. खालून मदत येईपर्यंत एवढा वेळ नसतो. म्हणजे जी वाचवणार ती सोबतची मैत्रीणच. म्हणून यंत्र फक्त स्वतःकडे असून भागत नाही, ते दुसरीला वापरता येतं की नाही, हे आधी बघायचं.

दहा तासांचा दिवस

एप्रिलअखेरचा एखादा दिवस धरू. हिशोब उलटा मांडायचा. अकराच्या सुमारास हिमनदीवरून खाली आलेलं असायला हवं. उतरायला वेळ हवा, म्हणजे शिखर साडेनऊपर्यंत. चांगल्या सरावाची बाई तासाला ३०० मीटर चढते, मग २१०० मीटरला सात तास. थांबे, पट्टे लावणं, दोर बांधणं यांचा तास. म्हणजे पोंतहून रात्री दीडला निघायचं.

डोक्याला दिवा लावून निघतात. पहिला टप्पा जंगलातल्या वळणावळणाच्या पायवाटेचा. खाली बर्फ नसेल तर स्की पाठीवरच. चारच्या सुमारास राजाच्या नावाचं ते घर येतं. अर्धवट गोल पिंपासारख्या आकाराचं, पत्र्याच्या छपराचं. तिथे मुक्काम केलेले लोकही याच वेळी उठतात. पुढे दगडगोट्यांचा भाग, मग लांब चढती दरी आणि मग हिमनदी. उजाडताना अजून बरंच चढायचं असतं. सर्वांत जास्त थंडी याच वेळी वाजते. वरच्या भागात बर्फाचा एक फुगीर पट्टा लागतो. त्याला तिथले लोक गाढवाची पाठ म्हणतात. तो ओलांडून वळलं की माथ्याचे खडक समोर येतात.

या उंचीवर हवा विरळ असते. समुद्रकाठच्या मानाने हवेचा दाब जेमतेम साठ टक्के. पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथे साध्या भांड्यात डाळ शिजायला बसलात तर बसूनच राहाल. चढणारीला प्रत्येक श्वास कमी पडतो. डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते. एका दिवसात चढणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, म्हणून ते आधीचे काही दिवस उंचावर राहून शरीराला सवय करून येतात. त्रास वाढला तर गोळीवर भरवसा ठेवून पुढे जायचं नाही, खाली उतरायचं. उतरणं हेच औषध.

इथे एक गोष्ट आपल्यात बोलायलाच हवी. लघवीची. बाजाराच्या दिवशी किंवा एसटीच्या प्रवासात आडोसा मिळणार नाही म्हणून आपण पाणी पीत नाही. हिमनदीवर तर झाडच नाही, आणि दोर सोडणं धोक्याचं. कित्येक गिर्यारोहक बायकाही संकोचाने पाणी टाळतात. पण कोरडी हवा आणि सततची धाप यांनी शरीरातलं पाणी भराभर जातं. अंगात पाणी कमी पडलं की थकवा लवकर येतो, डोकं चालत नाही आणि पाऊल चुकतं. यावर उपाय निघालेले आहेत. काही हार्नेसमध्ये मांडीचे मागचे पट्टे सोडता येतात, कमरेचा पट्टा आणि दोर तसाच राहतो. बाकीचे तोंड फिरवून उभे राहतात. अनुभवी तुकडीत हे निघायच्या आधीच मोकळेपणाने ठरवतात. पाळीचे दिवस असतील तर तेही सोबतच्या बाईला सांगून ठेवतात आणि वापरलेलं सगळं पिशवीत बांधून खाली आणतात. थंडीत तिथे काही कुजत नाही.

खडकांपाशी स्की बर्फात उभ्या रोवून ठेवतात. पुढची वाट अरुंद धारेवरून. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दाते, हातात बर्फाची कुऱ्हाड. दोन्हीकडे खोल दरी. टोकाच्या एका खडकावर मदर मेरीची पांढरी मूर्ती आहे. सर्वांत उंच बिंदू त्याच धारेवर थोडा पलीकडे आहे, पण बहुतेक जण मूर्तीलाच शिखर मानतात. सुट्टीच्या दिवशी या धारेवर चक्क रांग लागते. रांगेत अर्धा-पाऊण तास गेला, तरी सूर्य थांबत नाही.

परत फिरा, हे कोणी म्हणायचं?

या रांगेपाशी खरी परीक्षा होते. पायांखाली आठ तासांचा चढ झालेला आहे, मूर्ती समोर दिसते आहे, फक्त शंभर पावलं. घड्याळात दहा वाजत आले आहेत. अशा वेळी माणसाला वाटतं, एवढं आलोच आहोत तर हात लावून येऊ. डोंगरातले कितीतरी अपघात या एका वाक्यातून झाले आहेत. कारण शंभर पावलं जायला आणि शंभर पावलं यायला तास गेला, तर खालचे पूल तोवर तासभर उन्हात तापलेले असतात.

म्हणून परत फिरायची वेळ आदल्या संध्याकाळी ठरवतात. डोकं थंड असताना, पोट भरलेलं असताना, शिखर समोर नसताना. दहा म्हणजे दहा. त्या वेळी जिथे असू तिथून मागे. वर गेल्यावर त्यावर मतं घ्यायची नाहीत.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. वेळेआधीही दोरावरच्या कोणालाही परत फिरू असं म्हणायचा अधिकार असतो. सर्वांत नवखीलाही. कारण सांगता नाही आलं तरी चालतं. पण अधिकार असणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. मागे चालणारी विचार करते, पुढची जास्त जाणती आहे, तिला दिसत असेलच. पुढची विचार करते, कोणी काही म्हणत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. अशा गप्प दोरावर सगळ्या मिळून चुकीच्या जागी जातात.

अमेरिकेच्या मिरियम ओब्रायन यांनी ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. त्या काळी आल्प्समध्ये बायका चढायच्या, पण दोराच्या पुढच्या टोकाला पुरुष वाटाड्या असायचा. मिरियमबाईंचं म्हणणं असं की कायम चांगल्या पुढाऱ्याच्या मागे चालणारीला चढता येईल, पण वाट निवडणं, बर्फ जोखणं, थांबायचं की जायचं हे ठरवणं तिला कधीच येणार नाही. पुढे पुरुष असला की शेवटी निर्णय त्याच्याकडेच जातो. म्हणून त्यांनी ठरवलं, दोरावर बायकाच हव्यात. १९२९ मध्ये त्यांनी आणि फ्रान्सच्या आलिस दामेम यांनी शामोनीजवळचं ग्रेपॉन हे अवघड शिखर एकाही पुरुषाविना केलं. १९३२ मध्ये दोघींनी मॅटरहॉर्नही असंच केलं. तिथे स्की नव्हत्या, उभा खडक होता. पण शिकवण आपल्या आजच्या दोराला लागू आहे. निर्णय घेणं हे निर्णय घेऊनच येतं.

उतरण

खडकांवरून सावकाश उतरून स्कीपाशी यायचं. पट्टे सोलायचे, टाच अडकवायची. उतरताना दोर बहुधा सोडतात, कारण वेगात एकीचा तोल गेला तर दोर दुसरीलाही ओढतो. पण भेगांच्या भागात चढताना पारखलेली वाट धरूनच उतरतात. एकेक जण उतरते, बाकीच्या सुरक्षित जागी थांबून तिच्यावर नजर ठेवतात. वेळ साधली असेल तर रवाळ बर्फावरून स्की सुईतून दोरा जावा तशी जाते. आठ तासांचा चढ दीड-दोन तासांत संपतो. दुपारच्या आत पोंतला पोचून मागे पाहिलं तर वरचे उतार उन्हात चकाकत असतात आणि कुठेतरी ओला बर्फ सुटल्याचा गडगडाट ऐकू येतो. तो आवाज खालून ऐकायला मिळणं, हेच त्या दिवसाचं यश.

घड्याळ पुढे सरकतं आहे

जाता जाता एक काळजीची गोष्ट. हे सूर्याचं घड्याळ आता बदललं आहे. आल्प्समधल्या हिमनद्या झपाट्याने आटत आहेत. एकट्या स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत गेला. इटलीच्या पूर्वेकडे मार्मोलाडा नावाचा डोंगर आहे. ३ जुलै २०२२ रोजी, कडक उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी तिथल्या हिमनदीचा एक प्रचंड तुकडा तुटून खाली आला आणि ११ माणसं गेली. वाटेवर रोजच्यासारखी वर्दळ होती. त्या वेळी तिथे असणाऱ्यांची चूक एवढीच होती की पूर्वीचा अंदाज आता चालत नाही, हे कळायला कोणालाच वेळ मिळाला नव्हता.

रात्री उबदार झाल्या की बर्फ गोठायला वेळ कमी मिळतो. निघण्याची वेळ अलीकडे येते, चांगले दिवस कमी होतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या रक्षणाचं वर्ष म्हणून पाळलं आणि तेव्हापासून २१ मार्च हा हिमनद्यांचा दिवस झाला. हे दूरच्या पाहुण्यांचं दुखणं नाही. आपल्या हिमालयातल्या गंगेच्या उगमाची गोमुखची हिमनदीही अशीच मागे हटते आहे.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या फार कोणी ग्रान पारादिसोवर जाणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण पुढच्या वेळी मोबाईलवर बर्फातून चढणाऱ्या मुली दिसल्या, तर तिची ताकद बघाच, आणि तिच्या पायाखालचा तो केसाळ पट्टा, दोघींमधला ताणलेला दोर आणि तिच्या मनातली परतीची वेळ हेही बघा. आणि आपल्या गटाचा विचार करताना एक प्रश्न जरूर विचारा. मोठं कर्ज काढायचं ठरतं, सगळ्या माना डोलवतात, तेव्हा शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईला "थांबा, मला हे पटत नाही" असं म्हणता येतं का? येत नसेल, तर आपला दोर सैल आहे.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर पाणी भरपूर प्या. नमस्कार.